ऑगस्टमधले सात शब्द

कोरीन स्टॅम्परने कॉलेज बदललं, तेव्हा केंटकीच्या डोंगरातल्या तिच्या गावाला दोन आठवडे दुसरा विषय नव्हता. ओहायोतलं एवढं मोठं विद्यापीठ, टीव्हीवर दिसणारी बास्केटबॉलची टीम, ते सगळं सोडून पोरगी परत डोंगरात आली, आणि तीही लॉरेल फोर्कसारख्या चिमुकल्या कॉलेजात! कुणी म्हणालं, घरची आठवण आली असेल. कुणी म्हणालं, पोराची भानगड असणार. चर्चच्या पायऱ्यांवर तर त्या पोराचं नावसुद्धा ठरून गेलं होतं.

पोरगा-बिरगा काही नव्हता. ओहायोत पहिल्या वर्षी कोरीनच्या डोक्याला मार लागला होता, तो कागदावर होता. पण दुसऱ्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात सरावात एकीचं कोपर तिच्या कानशिलावर बसलं, ते तिने कुणाला सांगितलंच नाही. तीन आठवडे खोलीचे पडदे ओढून पडून राहिली आणि विचारणाऱ्याला पोट बिघडलंय म्हणाली. पुढे मोसम सुरू झाला तेव्हा तिचे पास अर्ध्या पावलाने उशिरा जायला लागले. कोचने तिला बाकावर बसवलं. दोन वर्षं ती बाकावर बसून टाळ्या वाजवत होती, आणि शेवटच्या वर्षी तिने कॉलेज बदललं. तिला एक वर्ष तरी मनासारखं खेळायचं होतं. वयाच्या पाचव्या वर्षापासून दुसरं काही केलेलंच नव्हतं हो पोरीने.

लॉरेल फोर्कला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑगस्टची परीक्षा आली. ही परीक्षा सगळ्याच कॉलेजांत असते. मोसमाआधी प्रत्येक खेळाडूला संगणकासमोर बसवतात, बारा शब्द दाखवतात, मध्ये आकड्यांचे आणि चित्रांचे खेळ खेळवतात आणि मग विचारतात, मघाचे शब्द कोणते होते? हे झालं त्या पोरीच्या चांगल्या डोक्याचं माप. पुढे कधी डोकं आपटलं, की पुन्हा तीच परीक्षा. ऑगस्टइतके गुण पडले नाहीत तर मैदानात पाऊल टाकायचं नाही.

आता, जिथे परीक्षा आली तिथे पळवाट आलीच. ओहायोत जुन्या मुली नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी शिकवायच्या: कुठल्या प्राध्यापकाचा सकाळचा वर्ग घेऊ नये, बसमधली मागची जागा कुणाची, आणि ऑगस्टची परीक्षा कशी बिघडवावी. फार बिघडवायची नाही, संशय येतो. बेतानं बिघडवायची. म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी आपटलेल्या डोक्यानेसुद्धा पास होता येतं. शहाण्यासुरत्या, गणितात पहिल्या येणाऱ्या पोरी हा अडाणीपणा करतात आणि वर एकमेकींची पाठ थोपटतात.

ओहायोत दर ऑगस्टला करायची तसंच इथेही केलं, कोरीनने बारातले सात शब्द सांगितले.

परीक्षा घेणारा माणूस व्हर्जिल प्रुइट. टीमचा ट्रेनर, मुलींचे घोटे बांधणारा आणि गुडघ्यांना बर्फ लावणारा. त्याला सगळे डॉक म्हणायचे, पण तो डॉक्टर नव्हता. साठीचा, पोट सुटलेला, आणि समोरच्याने जे सांगितलं ते खरं मानणारा.

"सातच?" डॉक म्हणाला. "एवढ्या मोठ्या विद्यापीठात काय शिकवत होते गं तुला?"

"टाळ्या वाजवायला," कोरीन म्हणाली.

डॉक पोट धरून हसला. तीही हसली. 

नोव्हेंबरात मोसम सुरू झाला आणि कोरीन अशी खेळली, की चर्चच्या पायऱ्यांवरच्या बायका त्या पोराला विसरल्या. ती गार्ड होती, म्हणजे चेंडू पुढे घेऊन जाणारी आणि कुठली चाल खेळायची ते ओरडून सांगणारी. चणीनं किरकोळ, पण तिचा आवाज छतापर्यंत जायचा. दर सामन्यात चौदा-पंधरा गुण आणि सात-आठ पास. तिची ममा शाळेच्या स्वयंपाकघरातली पाळी संपवून, अंगाला बीन्सचा आणि मक्याच्या पावाचा वास घेऊन, थेट येऊन दुसऱ्या रांगेत बसायची. लॉरेल फोर्कने सतरा सामन्यांत तेरा जिंकले.

आणि या सगळ्या दिवसांत कोरीन जीव मुठीत धरून खेळत होती. कुणी अंगावर धावून आलं, की तिची मान आपोआप खांद्यांत जायची. रोज सकाळी डोळे उघडण्याआधी ती टीममधल्या मुलींची नावं जर्सीच्या क्रमाने मनात म्हणायची. सगळी आठवली की उठायची. एखादं नाव अडलं तर ते आठवेपर्यंत ती पाय खाली टाकायची नाही. डोकं दुखलं तर हे साधं दुखणं का ते दुखणं, याचा विचार करून ते जास्तच दुखायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर खेळ संपला.

जानेवारीच्या एका शनिवारी दुपारी समोरच्या टीमची एक धिप्पाड पोरगी बास्केटकडे सुसाट निघाली. कोरीन वाटेत पाय रोवून उभी राहिली. अशी धडक अंगावर घेतली की चेंडू आपल्याला मिळतो, आणि लॉरेल फोर्कमध्ये धडक घेणाऱ्या पोरीसाठी सगळा बाक उठून उभा राहतो. बाक उठला, लोक ओरडले. कोरीनचं डोकं मागून लाकडी जमिनीवर आपटलं, आणि तो आवाज दुसऱ्या रांगेतल्या ममाला ऐकू गेला.

डॉकने तिला लगेच बाहेर काढलं. सोमवारी परीक्षा घेतली. कोरीन संगणकासमोर बसली तेव्हा पडद्यावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. तिने होती नव्हती ती सगळी ताकद लावली, दात आवळले. आठ शब्द आठवले.

"अगं, ऑगस्टपेक्षा एक जास्त!" डॉक खूश झाला. "डोकं आपटून हुशार झालीस की. बाकीच्यांचीही आपटावीत म्हणतो मी."

"डोकंबिकं दुखतंय?" त्याने विचारलं.

"नाही."

"उजेड खुपतो?"

"नाही, डॉक."

डॉकने आणखी तीन दिवस तिला सायकलवर बसवलं, पळवलं, रोज तेच प्रश्न विचारले. तिने रोज तीच उत्तरं दिली. कॉलेजच्या डॉक्टरनेही कागद पाहिला; कागद स्वच्छ होता, त्याने सही केली.

सुटले म्हणून कोरीनला आनंद व्हायला हवा होता. पण सही पाहून ती जास्तच घाबरली. आत्तापर्यंत तिला भीती होती ती कुणीतरी थांबवेल याची. आता कळलं, की थांबवणारं कुणी उरलंच नाही. जे दार लोकांनी तिला अडवायला लावलं होतं ते तिने स्वतःच उचकटून ठेवलं होतं. डॉकला सांगावं असं दहादा मनात आलं, दहादा ती त्याच्या दारावरून परत फिरली.

शनिवारी पुन्हा सामना, घरच्याच मैदानावर. पहिला अर्धा वेळ बरा गेला. दुसऱ्या अर्ध्यात तिने चेंडू पुढे आणला, हात वर केला आणि ओरडली, "लाकूडतोड्या!"

कुणीच हललं नाही. उंच ओडेसा ग्रिग्ज, टीमची सेंटर, बास्केटखालून तिच्याकडे बघत राहिली. "अगं बाई, हे काय नवीन? तुझ्या आजीच्या गोष्टीतलं का?"

ती चाल ओहायोतली होती. लॉरेल फोर्कमध्ये कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. कोरीन हसली, चूक झाली असं खुणेनं सांगितलं आणि कसाबसा पास दिला. 

दोन मिनिटं उरली. समोरच्यांचा नेम चुकला, कुणीतरी चेंडू कोरीनच्या हातात दिला. तिने वर पाहिलं. फलकावर एकावन्न आणि पन्नास. यातले आपले कोणते, ते तिला कळेना. मग तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे एक-एक बास्केट होतं, आणि आपल्याला कुठल्या बाजूला जायचंय तेही तिला कळेना.

लोक ओरडत होते. चेंडू हाताखाली उड्या मारत होता, हात आपलं काम करत होता. दहा सेकंदांत मैदानाचा मध्य ओलांडायचा असतो. पण मध्य ओलांडून कुठे? पाचव्या वर्षापासून जी गोष्ट तिला विचारावी लागली नव्हती ती आत्ता अठराशे माणसांदेखत तिला ठाऊक नव्हती.  एवढ्यात ओडेसा एका बाजूला धावत सुटली, आणि कोरीन आईमागे निघालेल्या लेकरासारखी तिच्या मागे निघाली.

कोच हॉब्स बाईंनी टाइमआउट घेतला. सगळ्या घोळक्याने बसल्या. कोच फळीवर खडूने रेघा मारत होत्या. "कोरीन, चेंडू तुझ्याकडे. ओडेसा इथे येईल, तू तिला वळसा घालून आत घुस. अंगावर येतील, येऊ दे. कळलं?"

येऊ दे. कोरीनला त्या जमिनीचा आवाज पुन्हा ऐकू आला. तिला रडू फुटलं, आणि रडतच ती मागे पाण्याच्या बाटल्यांपाशी उभ्या असलेल्या डॉककडे वळली.

"डॉक, मी ऑगस्टमध्ये मुद्दाम चुकले."

"काय चुकलीस?"

"शब्द. मुद्दाम सातच सांगितले. आणि आता... डॉक, आपलं बास्केट कुठलं आहे?"

डॉकचं तोंड उघडं राहिलं. साठ वर्षांच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना ओडेसाने पाहिलं.  तो गुडघ्यावर बसला, कोरीनच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढून काखेत मारले आणि कोचला म्हणाला, "ही संपली. दुसरी घ्या."

दुसरी गेली. लॉरेल फोर्क तीन गुणांनी जिंकलं. कोरीन मोजे घालून, डोक्यावर टॉवेल ओढून बसली होती, आणि तिच्याशिवाय जिंकल्याचं तिला, एवढ्या भीतीतही, वाईट वाटलं. लॉरेल फोर्ककडून ती एकूण एकोणीस सामने खेळली. बास्केटबॉलचं तिचं आयुष्य तेवढंच.

डोकेदुखी जायला मार्च उजाडला. डॉकने तिला पुन्हा परीक्षेला बोलावलं, आता खेळण्यासाठी नव्हे, नुसतं पाहण्यासाठी. ममा सोबत आली, कोट न काढता खुर्चीच्या कडेवर बसली. कोरीनने मन लावून परीक्षा दिली. नऊ शब्द.

"नऊ म्हणजे चांगले का वाईट?" ममाने विचारलं.

डॉक संगणकाकडेच बघत होता. "ते तिच्या आधीच्यावरून ठरतं, बाई. आणि आधीचं माप..." तो कोरीनकडे वळला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्तच लागलं. "ऑगस्टमध्ये मन लावून दिली असतीस तर किती आले असते?"

"बारा," कोरीन चटकन म्हणाली. मग थांबली. उन्हाळ्यातलं ते कोपर तिच्या डोळ्यांपुढे आलं, ओढलेले पडदे आले. "दहा. नाही, अकरा असतील. डॉक, मला... मला माहीत नाही."

आपलं किती गेलंय, हे आता जगातल्या कुठल्याही डॉक्टरला कळणार नव्हतं. शाबूत असलेल्या कोरीनचं माप कुणी घेतलंच नव्हतं, कारण तिने ते घेऊ दिलं नव्हतं.

ती ममाकडे वळली. "ममा, मी आधी कशी होते गं?"

"अशीच," ममा म्हणाली. "अगदी अशीच होतीस." आणि लेकीच्या नजरेला नजर न देता कोटाची बटणं लावायला लागली. ती आधीच लावलेली होती.