अक्काला माफ करायला आष्टीला

मी आष्टीला निघाले ते माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, माफ करायला. दोन वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीत, भर गीतात, तिनं कोपर मारून मला "बेसूर गाऊ नको" म्हटलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. इकडे नाशिकला चर्चमध्ये दर प्रभुभोजनाआधी, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर वाटण्याआधी, आमचे पाळकसाहेब बजावतात, मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी ती सोडवा, मगच भाकर घ्या. मी भाकर न घेताच ताट पुढे सरकवायची. बाकावर शेजारी बसणाऱ्या बाई आताशा माझ्याकडे संशयानं बघायला लागल्या होत्या.

शनिवारी सकाळची रेल्वे पकडून दुपारी जालन्याला पोचले. शेअर रिक्षानं जुन्या जालन्यात जाऊन अक्कासाठी साडी बघितली. दुकानदारानं विचारलं, "कार्यक्रम कोणता?"

"माफी."

तो गंभीर झाला. "मंग जरा भारीतली घ्या, ताई."

घेतली. पुढे परतूरमार्गे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच साडीला हातभार. मागची सीट मात्र टाळा, हाडं खिळखिळी होतात. मी वाटभर माफीचं भाषण पाठ करत होते.

दार दाजींनी उघडलं. अक्का आत भाकरी करत होती.

"सलाम, अक्का. मी तुला मनापासून माफ केलंय."

"तू? मला? मीच तुला कवाच माफ केलंय! माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा कुठं गेल्ती?"

"बोलावलं होतंस का?"

"ऑपरेशनची पत्रिका छापतेत का?"

दाजी हताश होऊन म्हणाले, "माफी देणाऱ्या दोन, मागणारं कोणीच न्हाई. आन् भाकर जळून राह्यली."

जळकी भाकरी आणि ठेचा आम्ही एकमेकींकडे पाठ करून खाल्ला.

रविवारी चर्चला गेलो. वर पत्रे, दोन पंखे, तीसेक माणसं. प्रभुभोजनाचं ताट आलं, तर अक्कानं काहीच न घेता ते माझ्याकडे सरकवलं. मागच्या बाकावरून दाजी कुजबुजले, "दोन वर्षं झाले, असंच करून राह्यली."

मला रडूच आलं. मला वाटायचं, ही तिकडे मजेत असेल. ताट पुढे देऊन मी म्हटलं, "अक्का, गुडघ्याच्या वेळी मी यायला हवं होतं. चुकले मी. माफ कर."

"मीबी मायच्या वक्ताला तोंड आवरायला पायजे होतं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

एवढ्यात ताट तीन बाकं पुढे गेलं होतं. अक्का गुडघा धरून उभी राहिली आणि भर भक्तीत ओरडली, "पाळकसाहेब, जल्दी इकडं आणा! आमचं मिटलं!"

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेब हसत हसत ताट घेऊन मागे आले. भाकरीचा तुकडा तो केवढासा, पण खाल्ल्यावर इतकं शांत वाटलं की तिथंच डोळे मिटून बसून राहावं.

आता नाशिकला परतून आठवडा झाला. अक्काचा रोज फोन येतो आणि रोज ती काहीतरी टोचून बोलते. साडीचा रंगही तिला आवडलेला नाही. काल न राहवून मी म्हटलं, "अक्का, तू बहात्तरची झालीस. तुझ्या मातीला येऊन माफी मागायची वेळ माझ्यावर आली नाही, म्हणून मी रोज देवाचे आभार मानते."

मग अक्का म्हणाली, "पहिले मीच जाणार, हे कोणी ठरवलं?"