वहिनी कुणाजवळ बसतात?

कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानातल्या बाईंना सगळेच वहिनी म्हणतात. त्यांच्याहून वयाने कितीतरी मोठी माणसं वहिनी म्हणतात आणि शाळेतली पोरंही वहिनीच म्हणतात. नवरा होता तेव्हा त्याच्या मित्रांनी ही हाक सुरू केली. नवरा गेला, मित्र पांगले, हाक तेवढी मागे राहिली.

त्यांचं घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, भिंतीला फळ्या, फळ्यांवर घड्या केलेले शर्ट आणि चादरी. मागच्या खोलीत सासूबाई. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या पलंगावरच होत्या. दोन खोल्यांमध्ये दार नाही, नुसता पडदा. पडद्याच्या अलीकडे इस्त्रीचा फुस्स आवाज आणि पलीकडून "अगं". दिवसभराचं बोलणं ठरलेलं असायचं. पाणी, गोळी, उशी, खिडकी उघड, खिडकी लाव. दोघींचं भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा थोडी सवड लागते.

वहिनींना घर सोडून कुठे जाता येत नसे. समोरच्या शिंप्याची बायको, शिंपीणकाकू, अधूनमधून येऊन बसायची, पण तिच्याही मागे शंभर कामं. अशात एका गिऱ्हाइकाने सांगितलं की वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक परिसर केंद्र आहे, तिथे बसायला माणूस मिळतो. पैसे नाही घेत. वहिनींना ते खरं वाटलं नाही, पण विचारायला काय जातं, म्हणून शिंपीणकाकूला तासभर घरी बसवून त्या निघाल्या.

केंद्र म्हणजे एक लांब बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. एका खोलीत घडीच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या, शेजारी ध्वनिक्षेपक, शिड्या, मोठी पातेली. मोहल्ल्यातल्या मंडळांना काही कार्यक्रम असला की हे सामान इथून उसनं मिळायचं. दुसऱ्या खोलीत कुणीतरी दोन बायकांना बागेच्या गटाचा जमाखर्च कसा मांडायचा ते समजावत होतं. तिसरीतून गाण्याच्या तालमीचा आवाज येत होता, आणि तो सुरात नव्हता. दारापाशी टेबल टाकून बसलेल्या माणसाने मान वर करून विचारलं, "सोबतीसाठी का?"

"हो, सोबतीसाठी."

"डावीकडची खोली. सुरू झालंय, जा पटकन."

वहिनी पटकन गेल्या. आत सात-आठ माणसं गोल बसली होती. मधोमध चष्म्याला दोरी लावलेल्या एक बाई होत्या, त्या केंद्राच्या संयोजिका. त्यांनी हसून रिकामी खुर्ची दाखवली. प्रत्येकजण आपण का आलो ते सांगत होता. एक निवृत्त बसचालक होते. ते म्हणाले की त्यांना बोलायला फार लागतं आणि घरची माणसं ऐकून ऐकून थकली आहेत, म्हणून आले. सगळे हसले. मग पाळी वहिनींची आली.

त्या म्हणाल्या, घरी सासूबाई आहेत, दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, तर त्यांच्याजवळ बसायला... संयोजिकाबाईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "म्हणजे तुम्हाला अनुभव आहे," त्या मनापासून म्हणाल्या. "फार चांगलं झालं तुम्ही आलात." गोलातले सगळे वहिनींकडे आदराने पाहू लागले. इतक्या आदराने त्यांच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्या गोंधळल्या. नाही हो, मला माणूस हवाय, हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तेवढ्यात हातात चहाचा कप आला. चहा घेतल्यावर ते बोलायचं कसं?

शिवाय पुढे जे शिकवलं ते ऐकून त्या जागच्या हलल्याच नाहीत. अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, आपली कंबर न मोडता कसं उठवायचं, ते एक परिचारिका करून दाखवत होती. आधी त्याचा गुडघा वाकवायचा, चादर ओढायची, माणूस नाही ओढायचा. वहिनी दोन वर्षं माणूसच ओढत आल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी तसं करून पाहिलं. सासूबाई अलगद वळल्या. "आज काय वेगळं केलंस?" त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, काही नाही.

पुढच्या आठवड्यात त्या खरं सांगायचं ठरवूनच केंद्रात गेल्या. पण त्या दिवशी कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते शिकवायचं होतं, आणि सासूबाईंना एका कानाने कमी ऐकू येतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पडून पडून अंगाला होणाऱ्या जखमा कशा टाळायच्या ते होतं. असं करता करता शिक्षण संपलं. शेवटच्या दिवशी संयोजिकाबाईंनी प्रत्येकाला एकेक घर नेमून दिलं. वहिनींना घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या आईचं घर मिळालं. घड्याळजी दिवसभर दुकानात, आई घरात एकटी. दर बुधवारी दुपारी तिच्याजवळ बसायचं. मोठ्या खोलीत, सगळ्यांच्या देखत नाही म्हणायचं वहिनींना जमलं नाही. मनात म्हणाल्या, एकदा जाऊन येऊ, मग सांगू.

घड्याळजींची आई म्हणजे चिमणीएवढी म्हातारी, खिडकीशी खुर्चीत बसलेली. वहिनींचं इस्त्रीचं दुकान आहे हे कळल्याबरोबर तिने विचारलं, इस्त्री करताना बाही आधी करतात की कॉलर? वहिनींनी सांगितलं. मग म्हातारीने विचारलं, पावडरीचे डाग कसे काढतात? रेशमी कापड जळलं तर गिऱ्हाईक काय म्हणतं? वहिनींनी एका डॉक्टराच्या पांढऱ्या कोटाची गोष्ट सांगितली. तो त्यांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी जाळला होता, आणि डॉक्टर त्यावर जळल्याचं औषध कोणतं ते सांगून गेला होता. म्हातारी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वहिनीही हसल्या आणि आपल्याच हसण्याचा आवाज ऐकून दचकल्या. किती दिवसांनी ऐकला होता तो.

शिंपीणकाकूला घरी बसवून त्या दर बुधवारी जाऊ लागल्या. बुधवार कधी येतो याची वाट बघू लागल्या. आणि तिथेच त्यांचा पुरता गोंधळ उडाला. आपण गेलो होतो घरच्या म्हातारीसाठी माणूस मागायला. आता घरच्या म्हातारीला परक्यावर सोडून आपण परक्या म्हातारीपाशी जाऊन बसतो. हे पुण्य आहे की पाप, की नुसताच वेडेपणा? तिथे दोन तास कसे जातात कळत नाही, इथे दोन मिनिटं पलंगाच्या कडेला टेकवत नाही. असं का? सासूबाईंनी छळ केला म्हणावं, तर तसंही नाही. शिंपीणकाकूला त्यांनी एका शाळेत पडदे इस्त्री करायचं काम मिळालंय असं सांगितलं होतं. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीला फोनवर वेगळंच काहीतरी सांगितलं होतं, आणि सासूबाईंना काहीच सांगितलं नव्हतं. कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवायचं म्हणजे आणखी एक काम झालं.

एका बुधवारी घड्याळजींच्या आईने विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"सासूबाई. अंथरुणावर आहेत."

"अगंबाई. मग आत्ता त्यांच्याजवळ कोण?"

"समोरच्या शिंपीणकाकू."

म्हातारीने एक बोट दुमडलं. "म्हणजे ती तिथे, आणि तू इथे."

"हो."

"मग तिच्या घरी कोण?"

म्हातारीला राग आला नव्हता. ती खरोखरच हिशेब जुळवायचा प्रयत्न करत होती आणि तो जुळत नव्हता.

उत्तर शिंपीणकाकूनेच दिलं. तिच्या घरी कुणी नव्हतं, म्हणून तिचं दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅसचा वास बोळभर पसरला. नशीब म्हणून शिंप्याच्या वेळेवर लक्षात आलं. त्या संध्याकाळी शिंपीणकाकू पडद्याशी उभी राहून शांतपणे म्हणाली की तिला आता बुधवारी जमणार नाही, आणि शाळेच्या पडद्यांना एवढी इस्त्री लागते हे तिला आजवर माहीत नव्हतं. वहिनींनी मान खाली घातली. तिला सगळं कळलं होतं की नुसता संशय होता, हेही त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून, सासूबाईंजवळ पाण्याची बाटली ठेवून त्या धावतच केंद्रात गेल्या आणि संयोजिकाबाईंना म्हणाल्या की माझं नाव काढून टाका. मग सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून.

संयोजिकाबाईंनी चष्मा काढला. "अहो, पण त्या दिवशी सांगितलं का नाहीत?"

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, अनुभव आहे."

बाईंचा चेहरा उतरला. सोबत मागणाऱ्यांची खोली उजवीकडे होती, सोबत देणाऱ्यांची डावीकडे. दारावरच्या माणसाने विचारलं नाही आणि मीही पुरतं ऐकून घेतलं नाही, चूक आमची, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मग म्हणाल्या, नाव काढायचं कशाला, तुमच्या सासूबाईंसाठीही सोबती बघू. वहिनींनी विचारलं, देणाऱ्याला मागता येतं का? बाईंना ते माहीत नव्हतं. असा प्रसंगच कधी आला नव्हता. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारलं, त्याने आतल्याला विचारलं. एकाचं म्हणणं पडलं की ज्या घराला सोबत लागते त्या घरातून सोबती घेणं बरोबर नाही. दुसरा म्हणाला, मग तर अर्धे स्वयंसेवक घरी पाठवावे लागतील. बागेच्या गटाच्या बायका जमाखर्च सोडून या चर्चेत शिरल्या. शेवटी संयोजिकाबाई म्हणाल्या की नियम सापडला तर पुढे बघता येईल, आत्ता सासूबाई घरी एकट्या आहेत, तुम्ही आधी घरी जा.

पुढच्या बुधवारी सासूबाईंचा सोबती म्हणून वहिनींच्या दारात उभे राहिले ते निवृत्त बसचालक. सासूबाई मोजकं बोलणाऱ्या, परका पुरुष, त्यातून हा गाडी सुरू झाली की न थांबणारा. पण इलाज नव्हता. त्यांनी दोघांची गाठ घालून दिली आणि घड्याळजींच्या घरी गेल्या. तिथे त्या दिवशी त्यांचं लक्ष लागलं नाही.

परत आल्या तेव्हा पडद्यामागून सासूबाईंचा आवाज येत होता. बसचालक गप्प होते. सासूबाई सांगत होत्या की लहानपणी त्या गावाबाहेरच्या तळ्यात पोहायच्या, भावांच्याही पुढे जायच्या, आणि लग्नाच्या बोलणीत ही गोष्ट लपवून ठेवली होती. वहिनी पिशवी हातात धरून पुढच्या खोलीतच उभ्या राहिल्या. एवढी वर्षं एका घरात काढली आणि ही बाई पोहायची हे त्यांना माहीत नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याबरोबर आणखीही काहीतरी वाटलं, आणि ते काय होतं ते वहिनींना आजही सांगता येत नाही.

बसचालक गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

"तुम्हीही मला काही विचारत नाही."

"कामात असतेस," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तू जातेस कुठे बुधवारची?"

वहिनींनी सांगितलं. आता उलटसुलट बोल ऐकावे लागणार म्हणून त्या तयारच होत्या. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की मला त्या बाईला बघायचंय.

हे ऐकून केंद्रात पुन्हा धावपळ झाली, पण या वेळी कुणी नियम शोधला नाही. सामानाच्या खोलीतून चाकांची खुर्ची निघाली. मूकबधिर मुलांच्या पालकांच्या गटाकडे एक व्हॅन होती, ती त्यांनी दुपारपुरती दिली. चालवायला बसचालक होतेच. घड्याळजींच्या घरच्या पायऱ्यांवरून खुर्ची चढवायला गाण्याच्या गटातले दोघे आले. सासूबाई दोन वर्षांनी रस्ता बघत होत्या.

दोन्ही म्हाताऱ्या समोरासमोर आल्या आणि एकमेकींना न्याहाळत राहिल्या. वहिनींना कुणाच्या बाजूला बसावं कळेना, म्हणून त्या उभ्याच राहिल्या. शेवटी घड्याळजींची आई म्हणाली, "तुमची सून फार छान बोलते हो. हसून हसून पोट दुखतं माझं."

सासूबाईंनी मागे वळून पाहिलं, जणू खोलीत आणखी कुणी सून असावी. "कोण? ही?"

पुढे दोघींचं फारसं जमलं नाही. एकीला खिडकी उघडी हवी होती, दुसरीला वारा सोसवत नव्हता. चहा झाला आणि भेट संपली. पुन्हा भेटायचं कुणीच म्हणालं नाही.

परतताना व्हॅनमध्ये सासूबाईंनी विचारलं, "तिच्याशी बोलतेस तरी काय एवढं?"

"काही खास नाही. काहीबाही."

"मग मला सांग काहीबाही."

वहिनींनी आठवून पाहिलं. घड्याळजींच्या घरी पायरी चढली की गोष्टी आपोआप सुचायच्या, इथे एकही आठवेना. मग त्यांनी डॉक्टराच्या जळलेल्या कोटापासून सुरुवात केली. तो कोट जळला तेव्हा सासूबाई त्याच घरात होत्या, त्यांना तो आठवत असणार. वहिनी सांगत राहिल्या. सासूबाईंनी डोळे मिटले होते. त्या ऐकत होत्या की दमून झोपल्या होत्या ते काही कळत नव्हतं, पण थांबावं असं वहिनींना वाटलं नाही.