पदराखालचा अंगठा

शिरपूरजवळच्या एका गावात मी नवा ग्रामसेवक होतो. ग्रामसभेत आधी सह्या घ्यायच्या, ठराव नंतर सावकाश लिहायचा, ही माझी सवय. नळाच्या ठरावासाठी वही फिरवली, तेव्हा मागे बसलेल्या एका अक्कांनी अंगठा पदराखाली घेतला.

"आधी वाची दखाड, भाऊ. मंग अंगठा."

"अक्का, चहा थंड होतोय," कोणीतरी हसलं.

"चहा तू पी. मनी गल्लीले पानी पाहिजे."

मी ठराव लिहून मोठ्याने वाचला. गल्ल्यांच्या यादीतून नेमकी त्यांचीच गल्ली राहून गेली होती, यादी माझीच. ती जोडून पुन्हा वाचलं, तेव्हा अंगठा पदराबाहेर आला.

त्यांचं नाव आता आठवत नाही. पण त्यानंतर प्रत्येक गावात मी आधी वाचतो, मगच वही फिरवतो.