हवेतलं घरटं

व्याख्यान म्हटलं की मी दाराजवळची खुर्ची धरते. मधूनच सटकता येतं. काल वाचनालयात पक्ष्यांवर बोलायला एक बाई आल्या होत्या. हातात कागद नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवत म्हणाल्या, "आता वाचायची सोयच नाही. गप्पाच मारू या."

सुगरण पक्षी घरटं कसं विणतो ते सांगताना त्यांची बोटं डोक्याच्या उंचीवर, हवेत, एकेक पातं ओवू लागली. सभागृहातला खोकलासुद्धा थांबला. घरटं झुलायला लागलं. मी दार विसरले.

बोलणं संपवून बाई खाली बसल्या. आभार मानायला आमचे चिटणीस उठले. माइककडे जाताना त्या रिकाम्या जागेपाशी ते हलकेच वाकले, डोकं लागू नये म्हणून.

कुणीही हसलं नाही.