निळ्या झाकणाची टाकी

कंपनीने तीन गाड्यांची यादी पाठवली, तेव्हा लखनौच्या सरांनी पहिल्या गाडीपुढे आधीच खूण करून ठेवली होती. पेट्रोल, ऑटोमॅटिक, रंग पांढरा. खाली लिहिलं होतं, ‘आपके लिए यही ठीक रहेगी.’ माझ्यासाठी काय ठीक हे लखनौत बसून कुणी ठरवलं की माझं डोकं फिरतं. मी इस्पितळांतली रक्त तपासायची यंत्रं दुरुस्त करते. बनारस, मिर्झापूर, गाझीपूर आणि सोनभद्र असे चार जिल्हे माझ्याकडे आहेत. मागच्या सीटवर जड सामान, आणि महिन्यातून तीनदा तरी मार्कुंडीचा घाट चढायचा. मी सरांची खूण खोडली, तिसऱ्या गाडीपुढे माझी केली. डिझेल, मॅन्युअल गिअर. कारणांचं एक पान सोबत जोडलं.

सरांचा फोन आला. आवाज गोड होता, तेव्हाच मी ओळखलं की पुढे काहीतरी आहे. म्हणाले, घ्या तुमच्या पसंतीची. पण कंपनी आता सगळी दुरुस्ती लखनौहून चालवायच्या विचारात आहे. तीन महिने बघू. चारही जिल्हे तुम्ही बनारसहून वेळेवर सांभाळलेत तर जागा तिथेच राहील, नाहीतर तुम्हीही लखनौला या. तीन महिन्यांत एकदा मी स्वतः तुमच्याबरोबर फेरीला येईन. मी म्हटलं, जरूर या.

फोन ठेवला आणि मग मला बाबा आठवले. बनारसच्या दूधविनायक गल्लीतल्या आमच्या घरात मी आणि बाबा, दोघंच. बाबा ब्रह्मा घाटावर वेद शिकवतात. आई गेली त्या वर्षी त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे मरेपर्यंत काशीची पंचक्रोशी ओलांडायची नाही. त्यानंतर नागपूरला सख्ख्या भाच्याच्या मुलाची मुंज झाली, तिलाही ते गेले नाहीत. पंचाहत्तरी उलटलेली, एका डोळ्याला मोतीबिंदू, स्वयंपाकाच्या नावाने भाताच्या पलीकडे काही येत नाही. मी लखनौला गेले तर हा माणूस इथे एकटा राहणार आणि मला तिथे घास गिळवणार नाही. बाबांना मी ह्यातलं काही सांगितलं नाही. गाडी आली एवढंच सांगितलं.

आमच्या गल्लीत सायकल शिरताना गाईची परवानगी घ्यावी लागते, तिथे गाडी कुठली येणार. मैदागिनच्या पुढे एका ओळखीच्या आवारात जागा घेतली. बाबांनी तिथेच यथासांग पूजा केली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मी त्यांना कौतुकाने सगळं दाखवत होते. हे डिझेलचं तोंड, आणि शेजारी हे निळं झाकण. ह्यात पाण्यासारखं एक औषध असतं, ते धूर स्वच्छ करतं, ते कमी पडू द्यायचं नाही. बाबांनी ऐकताना दोनदा मान हलवली.

गाडी मिळाली म्हणजे ती आपली झाली असं नाही, ती अंगवळणी पाडून घ्यावी लागते. सीट वर घेतली, कारण मला ट्रकच्या मागून रस्ता दिसत नव्हता. गाडी डावीकडे ओढत होती. चाकांची रेषा तीनदा जुळवून घेतली, आणि तिसऱ्यांदा मी वर्कशॉपच्या माणसाशेजारी उभी राहिले तेव्हा ती जुळली. टायरमध्ये हवा किती, हे दारावरच्या पट्टीवर बघून नाही तर सामान चढवून बघून ठरवलं. लहरताऱ्याच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, मॅडम, एक चिप लावून देतो, गाडी उडायला लागेल. मी म्हटलं, भैया, मला उडायचं नाही, सोनभद्रच्या टोकाला दुद्धीला पोचायचंय. डिझेलची गाडी शहराच्या गर्दीत नुसती रांगत राहिली की काजळीने तिचा फिल्टर भरतो. म्हणून दर रविवारी सकाळी रिंग रोडवर चौथ्या गिअरमध्ये अर्धा तास एका चालीने पळवायची. हळूहळू तिचा आवाज मला कळायला लागला. घाटात कुठे तिसरा टाकायचा, ट्रकला ओलांडताना तिला दम कुठे लागतो, सगळं पायाला समजायला लागलं. दोन महिन्यांत एकाही इस्पितळाला मी उशिरा पोचले नाही, आणि निळ्या टाकीचा काटा तर भरल्यावरून खाली आलाच नाही. गाडी औषध फार कमी पिते म्हणून मी चारचौघांत तिची स्तुती करत असे. कपाळ माझं.

मग सरांनी कळवलं, गुरुवारी येतो, दुद्धीपर्यंत जाऊ. आणि नेमका मंगळवारी सकाळी गाडीच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. निळ्या टाकीतलं द्रव्य बरोबर नाही, दीडशे किलोमीटरनंतर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही. दुद्धीला जाऊन यायचं म्हणजे साडेतीनशे. सरांना शेजारी बसवून, दुद्धीच्या इस्पितळाच्या दारात मी चावी फिरवते आहे आणि गाडी ढिम्म, हे चित्र मला लख्ख दिसलं.

वर्कशॉपमधल्या माणसाने संगणक लावला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला. सेन्सर गेला, दिल्लीहून येईल, आठ दिवस लागतील. मी विचारलं, टाकीतलं द्रव्य तपासलंत का. तो हसला. मॅडम, सील फोडून कंपनीनेच भरलंय, त्यात काय तपासायचं. उंटावरच्या शहाण्यांचा मला जन्माचा अनुभव आहे. माझ्या धंद्यातही हेच चालतं. यंत्र चुकीचा आकडा दाखवायला लागलं की प्रयोगशाळेतले लोक सेन्सरच्या नावाने बोंबलतात, आणि जाऊन बघावं तर कुणीतरी रसायनात पाणी जास्त घातलेलं असतं. सेन्सर बिचारा खरं बोलत असतो.

मी यंत्रांसाठी बाळगते ती बारीक रबरी नळी टाकीत सोडली आणि बाटलीभर द्रव्य काढलं. पेट्रोल पंपावरून त्याच औषधाचा नवा सीलबंद डबा घेतला. कबीरचौऱ्याला एका प्रयोगशाळेत माझं नेहमीचं जाणं, तिथल्या काट्यावर दोन्ही शंभर-शंभर मिली तोलून पाहिलं. नवं भरलं एकशेनऊ ग्रॅम. माझ्या टाकीतलं एकशेचार. पाणी, आणि थोडंथोडकं नाही, जवळजवळ निम्मं. तिथल्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, अहो, एवढा आनंद कसला झालाय तुम्हाला. झालाच होता. सेन्सर शाबूत होता, माझं डोकं शाबूत होतं, आणि आठ दिवस थांबायची गरज नव्हती.

पण पाणी घातलं कुणी? मी तडक आवारात गेले आणि तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराला चार लोकांसमोर झाडलं. गाड्या धुताना काय वाटेल ते उघडता, काय वाटेल ते ओतता. तो म्हणाला, बिटिया, हमने तो हाथ भी नहीं लगाया. मी ऐकलं नाही. रागाच्या भरात मला कुणाचं ऐकू येत नाही, हा माझा जुना रोग आहे.

संध्याकाळी जेवताना मी बाबांना हे सगळं तावातावाने सांगत होते. बाबांचा हात ताटात थांबला.

“त्याला उगीच बोललीस,” ते म्हणाले. “पाणी मी घालत होतो.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. दर सोमवारी आणि प्रदोषाला, स्नान आटोपून येताना ते खुंटीवरची चावी घ्यायचे, मोठा तांब्याभर गंगाजल घेऊन आवारात जायचे आणि निळ्या झाकणात ओतायचे. चौकीदाराला वाटायचं, पंडितजी गाडीची पूजा करतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोरच संन्यासी निघाला.

“तूच म्हणालीस, कमी पडू द्यायचं नाही. आणि तू एकटी त्या कोळशाच्या ट्रकांमधून जातेस. मला पंचक्रोशीच्या पलीकडे यायची सोय नाही. म्हटलं, गंगा तरी तुझ्याबरोबर असावी.”

ह्यावर शहाण्या मुलीने गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, “बाबा, तुमच्या गंगेने माझी नोकरी बुडवली.” आणि मग थांबताच येईना. गाडी गुरुवारी बंद पडली तर मला लखनौला जावं लागेल, तुम्ही इथे एकटे, कोण बघणार तुमच्याकडे, हे दोन महिने पोटात ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर आलं. बाबांनी ताटाभोवती चित्राहुती घातलेली शितं गोळा केली, हात धुतले आणि आत गेले. ताटात अर्धा भात तसाच होता. मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायला तोंड उघडेना.

बुधवारी सकाळी मी आवारात पोचले तर बाबा आधीच तिथे, हातात बादली. मी पहिल्यांदा चौकीदाराकडे गेले. काल ज्यांच्यासमोर बोलले होते ते चहावाले, गाडीवाले तिथेच होते, त्यांच्यासमोरच म्हटलं, चाचा, चूक माझी होती, तुमची नव्हती. तो म्हणाला, हो जाता है बिटिया. मग तिघांनी मिळून टाकी उपसली. मी नळी धरली, बाबांनी बादली. बाबांचा आग्रह, हे पाणी गटारात जाता कामा नये, त्यात गंगा आहे. मी म्हटलं, बाबा, त्यात युरियाही आहे, खताचाच. शेवटी दहापट पाणी घालून ते आवारातल्या पेरूला घातलं, दोघांचंही समाधान झालं. नवं औषध थोडं घालून टाकी खंगाळली, पुन्हा उपसली, मग पुरती भरली.

दिवा मात्र जाईना. टाकीत आता चांगलं द्रव्य आहे हे गाडीला पटायला ती काही वेळ चालवावी लागते. बाबा म्हणाले, “पंचक्रोशीच्या रस्त्याने ने. मग मलाही येता येईल.” बाबा त्या गाडीत पहिल्यांदाच बसले, चपला काढून, त्या मांडीवर घेऊन. कंदवा गेलं, भीमचंडी गेली. ज्या रस्त्याने ते वर्षानुवर्षं अनवाणी चालत गेले तिथल्या प्रत्येक देवळाला खिडकीतून नमस्कार. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पडद्याकडे बघत होते. रामेश्वरच्या अलीकडे, एका ट्रॅक्टरच्या मागे आम्ही अडकलो असताना, दिवा विझला. मी गाडी कडेला घेतली, बंद केली, पुन्हा चावी फिरवली. पडदा स्वच्छ. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले आणि इतक्या मोठ्याने हसले की बाबांच्या मांडीवरची एक चप्पल खाली पडली.

गुरुवारी पहाटे सर निघाले ते सीटबेल्ट आवळून, हातात फोन. अहरौऱ्यापर्यंत ते फोनवर होते. रॉबर्ट्सगंजच्या पुढे मार्कुंडीचा घाट लागला, पुढे कोळशाचे ट्रक रांगेने. मी तिसरा टाकला, वळण मोकळं दिसताच एका दमात दोन ट्रक ओलांडले, आणि मागचं सामान कुठे हललंसुद्धा नाही. सरांनी फोन खिशात ठेवला. दुद्धीच्या इस्पितळात बंद पडलेलं यंत्र मी दीड तासात चालू केलं. परत गाडीत बसलो, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन बोललं. येताना ओबऱ्याहून अचानक बोलावणं आलं, तेही उरकलं.

चोपनला चहा पिताना सर म्हणाले, “लखनौहून हे आठवड्यात झालं नसतं. जागा बनारसलाच राहील. उद्या लेखी पाठवतो.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “और गाड़ी आपने सही चुनी.” मी नम्रपणे काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “मुझे पता है, सर.”

सरांना स्टेशनवर सोडलं आणि दिवेलागणीला घरी आले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. दारातूनच ओरडले, “बाबा, जिंकलो आपण.” बाबा पाटावर बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांची जुनी कापडी पिशवी होती, तोंड बांधलेली. बाहेर घालायचा कोट त्यांनी अंगात चढवला होता.

“हे काय?”

“दिवा गेला तरी साहेबाचं मन कुणी सांगावं,” बाबा म्हणाले. “तू हरून आलीस तर तुला एकटीला लखनौला पाठवणार होतो काय मी?”

“अहो, पण क्षेत्रसंन्यास? तो मोडता येतो?”

“येत नाही.”

“मग तुमच्या पाठशाळेतल्या शास्त्रीबुवांना विचारलंत?”

“नाही विचारलं,” बाबा म्हणाले. “ते नको म्हणाले असते, आणि तरी मी निघालो असतो. कशाला त्यांना कोड्यात घाला.”

मी खाली बसले आणि पिशवीची गाठ सोडली. दोन धोतरं, चष्मा, आईचा फोटो, आणि माझ्या कपाटातली माझी लोकरीची शाल. एकेक वस्तू मी जागच्या जागी ठेवली, आणि मग बाबांच्या अंगातला कोट काढून खुंटीला लावला.