खोबरेल लावलेले नट

घरात मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे! सावली गावच्या कारखान्यात पंपांच्या दुरुस्तीवर इतकी वर्षं काढल्यावर माणूस ताकसुद्धा फुंकून पितो.

खंडेनवमीची संध्याकाळ होती. सुभानपुऱ्यातल्या आमच्या घरासमोर नवरा माझ्या गाडीची धुवायला काढलेली चाकं परत बसवत होता. नट आवळायला त्याने नवाकोरा टॉर्क पाना आणला होता. ठरवलेला जोर लागला की तो कट्‌ वाजतो. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच थबकले. ते गंजके नट एरवी कुरकुरत फिरायचे. आज लोण्यातून फिरावेत तसे फिरत होते, आणि कट्‌ वाजेपर्यंत नेहमीपेक्षा बरेच पुढे जात होते.

"थांब. काय लावलंयस यांना?"

"काही नाही गं! वाजलं ना कट्‌? थई गयुं, झालं काम!"

कसलं थई गयुं! कुठंतरी पाणी मुरत होतं. एक नट काढून वास घेतला. खोबरेल.

पाना फक्त फिरवायला लागलेला जोर मोजतो. बोल्ट किती ताणला गेला, ते त्याला कळत नाही. गंज असला की जोर घासण्यातच जातो. पाना वाजतो आणि चाक ढिलं राहतं. तेल असलं की तोच जोर बोल्टला ओढत सुटतो. गाडीच्या पुस्तकातला आकडा असतो तो स्वच्छ, कोरड्या बोल्टचा. मी सगळे नट काढले. एका बोल्टवर नट अर्ध्यातच अडकला. आटे ताणले गेले होते. याच चाकांवर मी रोज एकटी सावलीला जाते. माझं डोकंच फिरलं.

"मला मारायचा बेत आहे का कुणाचा?" मी ओरडले.

पायरीवर बसलेले सासरे उठले. "मी लावलं. सकाळी पूजेत, तलवारीबरोबर."

सासरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे खंडेनवमीला घरातल्या हत्याराला तेल लागतंच. पण चाकाचे नट?

"बाहेर पडणाऱ्याचं लोखंड कोरडं ठेवू नये, असं आमचे आजोबा सांगायचे," ते म्हणाले. "आता या घरातून रोज लांब कोण जातं? तूच की."

राग गेला नव्हता, पण काढायचा कुणावर? मी त्यांना तो बोल्ट दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"म्हणजे हा वाटेत तुटला असता?"

"तुटलाही असता, बाबा."

त्या रात्री ते जेवले नाहीत.

बोल्ट बदलून घेतला. तारेच्या ब्रशने गंज काढला, तेलाचा थेंबन्‌थेंब पुसला आणि सगळे नट मी स्वतः आवळले. दसरा झाला. कामावर निघाले, तर बाबा पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेले.

"कुठे निघालात?"

"सावलीपर्यंत. परत बसने येईन." माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "तुला काही झालं, तर ते घरी बसून ऐकायची माझी छाती नाही."