रीनुसचा गुडघा

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात माझ्या लेकीच्या, मृण्मयीच्या, घराला लागून व्हीबे हुक्स्त्रा राहतो. सत्तरीला टेकलेला, दारातून वाकून यावं लागेल इतका उंच, वरचे पुढचे चार दात नकली. मी दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी म्हणून लेकीकडे गेलो. मग विमानं बंद झाली आणि मी सव्वा वर्ष त्याचा शेजारी राहिलो. त्याचं आयुष्य मला कुंपणाशी उभं राहून कळलं, दीड मीटर अंतर ठेवून, मृण्मयीच्या तोंडून. कारण तो डच बोलणार आणि मी मराठी.

त्याचा जन्म उत्तरेकडच्या फ्रीसलंडचा. बापाच्या गोठ्यात तीस गाई. घरामागचा कालवा गोठला की आई त्याच्या हाती स्वयंपाकघरातली खुर्ची द्यायची. ती ढकलत ढकलत पोर बर्फावर उभं राहायला शिकलं. एकोणिसाव्या वर्षी तो आइस हॉकीचा व्यावसायिक खेळाडू झाला आणि सतरा हिवाळे खेळला. काम बचावाचं. रबराची चकती घेऊन समोरचा वाऱ्यासारखा यायचा आणि व्हीबेनं त्याला अंगानं अडवायचं. उन्हाळ्यात सुतारकाम. खेळ सुटल्यावर पंचवीस वर्षं त्याच मैदानावर दुसऱ्यांच्या स्केट्सना धार लावली.

“गोल किती केलेस?” मी विचारलं.

“अकरा. तेही चुकून झाले. पण माझ्यामागे आमचा गोलरक्षक जेवून झोपला असता तरी चाललं असतं.”

मी तरुणपणी कबड्डीत कोपरा सांभाळलेला माणूस. पकड करणाऱ्याचं नाव गर्दी घेत नाही, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून आमचं जमलं.

एक गोष्ट मात्र तो दर वेळी त्याच शब्दांत सांगे. त्र्याऐंशीचा अंतिम सामना. रीनुस नावाचा तेवीस वर्षांचा, समोरच्या संघाचा आघाडीचा खेळाडू चकती घेऊन आला, दोघं आदळले, रीनुसचा गुडघा मोडला आणि त्याचा खेळ कायमचा संपला. “माझा पाय घसरला,” व्हीबे म्हणायचा. पंचांनी त्याला दोन मिनिटं बाहेर बसवलं. सामना व्हीबेच्या संघानं जिंकला.

नोव्हेंबरात त्याला कोरोनानं धरलं. तीन आठवडे दवाखान्यात काढून तो अर्धा होऊन परतला. मृण्मयी रोज त्याच्या दाराशी मुगाच्या खिचडीचा डबा ठेवायची. एके दिवशी त्यानं खिडकी उघडून हाक मारली.

“मृण्मयी, माझा पाय घसरला नव्हता.”

ती थांबली.

“शेजारच्या दोन्ही खाटा माझ्यादेखत रिकाम्या झाल्या. मी गेलो असतो तर ते खोटं खरं म्हणून मागे राहिलं असतं. रीनुस फोरबर्गला राहतो. मला त्याच्यासमोर बोलायचंय.”

“काका, फोन करा ना.”

“पाडलं तेव्हा फोनवरून नव्हतं पाडलं.”

मार्चमध्ये तो चालायला लागला. मृण्मयीनं रीनुसला विचारलं, तो एवढंच म्हणाला, “येऊ दे.” एका रविवारी तिनं गाडी काढली. बाहेरही दोघांनीच भेटायचं असा तेव्हा नियम होता, म्हणून व्हीबे बागेत गेला आणि आम्ही कुंपणाबाहेर थांबलो. लेक कानाशी मराठीत सांगत होती.

“बाबा, मास्क नाकावर घ्या.”

“मी नाकानं ऐकतोय का?”

रीनुस खुर्चीत बसला होता. उजवा पाय सरळ पुढे. तो वाकतच नव्हता. व्हीबे उभाच राहिला.

“माझा पाय घसरला नव्हता, रीनुस.”

“माहीत आहे.”

व्हीबेनं खाली त्याच्या सरळ पायाकडे पाहिलं.

“बचाववाला समोरच्याच्या छातीकडे बघतो,” रीनुस म्हणाला. “चकती फसवते, खांदे फसवतात, छाती फसवत नाही. तू नेहमी छातीकडेच बघायचास. त्या दिवशी तू माझ्या गुडघ्याकडे बघत आलास.”

“मग बोलला का नाहीस?”

“हरलेल्याची रड म्हणाले असते. बोलायचं तुला होतं.” मग हळूच, “का केलंस?”

“तू मला दोनदा चकवून गेलास. लोक हसले. तिसऱ्यांदा मला सोसलं नसतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं.”

रीनुसनं मांडीवर हात फिरवला. “माझी मुलगी शेजाऱ्याचा हात धरून स्केटिंग शिकली. मी काठावर उभा राहून टाळ्या वाजवल्या.”

“मला माफ करशील?”

“आज नाही. आणि मला एकट्याला सांगून मोकळा होऊ नकोस. जिंकल्यावर ज्यांनी तुला खांद्यावर घेतलं होतं, त्यांना सांग.”

त्या आठवड्यात व्हीबेनं हयात असलेल्या सातही जुन्या सोबत्यांना हातानं पत्रं लिहिली. दोघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एकानं, ही गोष्ट आता कशाला उकरतोस, म्हणून शिव्या घातल्या. चौघांकडून काहीच आलं नाही. चषक उंचावलेल्या संघाचा फोटो त्याच्या भिंतीवर होता; तो त्यानं काढला नाही, पण पाहुण्यांना दाखवणं सोडलं.

महिन्याभरानं रीनुसचा निरोप आला, ये म्हणून. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं. व्हीबे गेला. मग दर दुसऱ्या रविवारी जायला लागला. दोघं बागेत बसत, कधी बोलत, कधी नुसतेच बसत. जूनमध्ये मी माझ्या गावी परतलो, तोवर माफीचा शब्द रीनुसच्या तोंडून निघाला नव्हता. व्हीबेनंही तो पुन्हा मागितला नव्हता.